शेकडो तासांचा कोर्स आणि दोन मिनिटांचा प्रश्न

एमबीएच्या एंट्रन्सची तयारी ऑनलाइन कोर्सवर होते की नाही हा वाद तसा जुनाच, पण सध्या तो ज्या तऱ्हेने घातला जातोय ते वाचून राहवेना म्हणून लिहितेय. एक गट म्हणतो की समोर शिकवणारा माणूस नसेल तर अभ्यास होतच नाही, स्क्रीनसमोर बसलेला माणूस दहा मिनिटांत दुसरंच काहीतरी उघडून बसतो. दुसरा गट म्हणतो की क्लासला जाण्यायेण्यात दिवस घालवण्यात काही अर्थ नाही, उत्तमातला उत्तम शिक्षक आता मोबाइलवर आहे, दीडपट स्पीडने बघा आणि मोकळे व्हा. आणि नीट बघितलं तर दोघंही आपली बाजू मांडताना माप एकच वापरतात, ते म्हणजे तास. आमच्याकडे इतके तास शिकवतात, आमच्या कोर्समध्ये इतक्या तासांचं कंटेंट आहे. जो मुलगा किंवा जी मुलगी नोकरी सांभाळून, रात्री जागून ही परीक्षा द्यायच्या विचारात आहे तिने यातून काय घ्यायचं? जास्त तासवाला कोर्स घ्यायचा, एवढंच. आणि नेमका तोच निर्णय बऱ्याच जणांना नडतो.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. ऑनलाइन कोर्सवर ही परीक्षा चांगली काढता येते, कित्येकांना तर क्लासपेक्षा चांगली काढता येईल. पण समजावून सांगणं, ज्याच्यासाठी हे कोर्स विकले जातात आणि आपण ते घेतो, ती या तयारीतली सगळ्यात सोपी आणि आज सगळीकडे फुकटात मिळणारी गोष्ट आहे. अवघड आहे ते विद्यार्थ्याला एकटं सोडून प्रश्नाशी झगडायला लावणं, तो कुठे आणि का चुकला हे त्याच्यापुढे मांडणं, आणि तीच चूक तीन आठवड्यांनी वेगळ्या वेषात परत त्याच्यासमोर आणणं. जो कोर्स हे करतो तो ऑनलाइन असो नाहीतर चार भिंतीतला, चालतो. जो करत नाही त्याचे तास जितके जास्त तितकं नुकसान जास्त, कारण ते तास शेवटी विद्यार्थ्याच्याच तुटपुंज्या वेळातून जातात.

मुळात ही परीक्षा मागते काय? वाद घालणारे फार कमी लोक तिथून सुरुवात करतात. जगभरच्या बिझनेस स्कूल्सना चालणारी जीमॅट घेऊ. ती १९५४ साली सुरू झाली, १९९७मध्ये कॉम्प्युटरवर आली आणि अॅडॅप्टिव्ह झाली, म्हणजे तुमची उत्तरं जशी येतील तसा पुढचा प्रश्न अवघड किंवा सोपा मिळतो. तिचं आत्ताचं रूप २०२३च्या नोव्हेंबरात आलं. क्वांटचे म्हणजे गणिताचे २१ प्रश्न, व्हर्बलचे म्हणजे इंग्रजी वाचन आणि युक्तिवादाचे २३, डेटा इनसाइट्सचे म्हणजे तक्ते आणि दिलेल्या माहितीवरचे २०, प्रत्येक सेक्शनला ४५ मिनिटं, सगळे मिळून सव्वादोन तास. भूमिती गेली, वाक्यातली व्याकरणाची चूक शोधायचे प्रश्न गेले, निबंध गेला. राहिलं काय तर शाळेतलं अंकगणित आणि बीजगणित, एखादा उतारा, एखादा युक्तिवाद, एखादा तक्ता. यातलं काहीही समजावून सांगायला शेकडो तास लागावेत इतकं गहन नाहीये. क्वांटच्या एका प्रश्नाला सरासरी दोन मिनिटं आणि वर थोडे सेकंद मिळतात. तेवढ्यात प्रश्न कुठल्या जातीचा आहे ते ओळखायचं, कुठल्या वाटेने जायचं ते ठरवायचं, आणि दीड मिनिट झालं तरी काही सुचत नसेल तर सोडून द्यायचं की चिकटून राहायचं तेही ठरवायचं. कोरा ठेवून पुढे जाता येत नाही, काहीतरी उत्तर द्यावंच लागतं, आणि सेक्शनच्या शेवटी वेळ उरलाच तर मागे जाऊन जास्तीत जास्त तीन उत्तरं बदलता येतात. वेळ संपून शेवटचे प्रश्न तसेच राहिले तर त्याचा फटका वेगळा. म्हणजे ही परीक्षा माहितीपेक्षा निर्णयाची जास्त आहे, आणि निर्णय घ्यायला लेक्चर ऐकून कोण शिकलंय?

एक प्रश्न जवळून बघूया. डेटा सफिशियन्सी नावाचा प्रकार आहे, त्यात उत्तर काढायचं नसतं, दिलेली माहिती उत्तर काढायला पुरेशी आहे का एवढंच सांगायचं असतं. समजा एन हा धन पूर्णांक आहे आणि विचारलंय, एनला २४ने नि:शेष भाग जातो का? पहिलं विधान सांगतं की एनला ४ने भाग जातो. दुसरं सांगतं की ६ने भाग जातो. एकटं पहिलं पुरत नाही, एकटं दुसरं पुरत नाही, हे पटकन दिसतं. मग दोन्ही एकत्र घेतली की चार सक चोवीस डोक्यात वाजतं आणि हात आपोआप ‘दोन्ही मिळून पुरेशी’ या पर्यायाकडे जातो. आणि तिथेच मेख आहे. एन १२ असेल तर त्याला ४ने भाग जातो, ६ने जातो, २४ने जात नाही. एन २४ असेल तर तिन्हींनी जातो. म्हणजे दोन्ही मिळूनही माहिती अपुरी. ४मध्ये २ दोनदा आहे, ६मध्ये एक २ आणि एक ३, आणि ६मधला तो २ आधीच ४मध्ये येऊन गेलाय, त्यामुळे गुणाकार करायचा नाही, लसावि काढायचा, तो येतो १२. आता हे वाचताना तुम्ही मान डोलावलीत ना? व्हिडिओ बघतानाही प्रत्येक जण अशीच मान डोलावतो. लसावि सहावी-सातवीत शिकलेला असतो, त्यात न समजण्यासारखं काही नसतंच. पण महिन्याभराने मॉकमध्ये, म्हणजे सराव परीक्षेत, तोच प्रश्न खुर्च्यांचं रूप घेऊन येतो: हॉलमधल्या खुर्च्या ८-८च्या रांगांत लावल्या तरी एकही उरत नाही, १२-१२च्या लावल्या तरी उरत नाही, खुर्च्या ५०पेक्षा जास्त आणि १००पेक्षा कमी आहेत, तर त्या नक्की किती ते सांगता येईल का? आणि व्हिडिओ बघितलेला माणूस आठ बारे शहाण्णव म्हणून ‘हो’ लिहून पुढे जातो. ७२ पण बसतात. लसावि २४ आहे, त्याच्या पटीतल्या दोन संख्या त्या टप्प्यात येतात. इथे त्याला लसावि येत नव्हता असं कोण म्हणेल? त्याला लसावि येतो. इथे तो लागतो हे दिसलं नाही. आणि हे दिसणं समजावून देता येत नाही, ते अशा दहा-वीस प्रश्नांत आपटून आपलं आपल्यालाच यावं लागतं.

हे नुसतं माझं मत नाहीये, शिकण्यावर झालेले बरेच प्रयोग याच बाजूने बोलतात. २००६ साली रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तर आठवून लिहिणारे बरेच पुढे गेले. आणि आपल्याला किती लक्षात राहील असा अंदाज विचारला तेव्हा जास्त आत्मविश्वास वाचणाऱ्यांनाच होता! २०१९मध्ये हार्वर्डच्या फिजिक्सच्या वर्गांत असंच दिसलं, तयार लेक्चर ऐकलेल्या मुलांना वाटलं की आपण जास्त शिकलो, आणि चाचणीत जास्त शिकलेली निघाली ती स्वतः धडपडत प्रश्न सोडवलेली मुलं, ज्यांना आपण कमी शिकलो असं वाटत होतं. हे जर खरं असेल, आणि ते खरं आहे, तर ऑनलाइन कोर्सच्या रिव्ह्यूंचं काय करायचं? ‘सरांनी इतकं छान समजावलं की सगळं क्लिअर झालं’ हा रिव्ह्यू मनापासूनच लिहिलेला असतो, पण तो व्हिडिओ संपल्यावर पाचव्या मिनिटाचा असतो. परीक्षा त्या पाचव्या मिनिटाला नसते.

आणखी एक प्रयोग मला यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो, कारण तो थेट कोर्सच्या रचनेवर बोट ठेवतो. रोहरर आणि टेलर यांनी २००७ साली विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एका आकृतीचे सगळे प्रश्न संपवून मग पुढची घेतली, दुसऱ्या गटाला सगळे प्रश्न मिसळून दिले. सराव चालू असताना पहिल्या गटाची ८९ टक्के उत्तरं बरोबर येत होती, मिसळवाल्यांची ६०. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा पहिला गट २० टक्क्यांवर आला आणि मिसळवाले ६३वर राहिले. आता बहुतेक कोर्स उघडून बघा. टक्केवारीचे व्हिडिओ, त्याखाली टक्केवारीचेच प्रश्न, मग गुणोत्तराचे व्हिडिओ, त्याखाली गुणोत्तराचे प्रश्न. प्रश्न वाचायच्या आधीच वरचं शीर्षक तुम्हाला सांगून मोकळं होतं की इथे काय वापरायचं. परीक्षेत ज्या एका गोष्टीचे मार्क आहेत तीच नेमकी सरावात आयती हातात ठेवलेली असते. मग मुलं म्हणतात, ‘घरी सगळं येतं पण मॉकमध्ये ब्लँक होतो’, आणि कोणीतरी त्यांना सांगतं की तुला टेन्शन येतं, मेडिटेशन कर. टेन्शन येतही असेल. पण ओळखायचा सराव कधी केलाच नाही, याला काय करणार?

आता विरोधी बाजूचं बोलते, कारण तिथेही वजनदार मुद्दे आहेत आणि ते उडवून लावण्यात काही अर्थ नाही. पहिला आणि सगळ्यात प्रामाणिक मुद्दा असा, की ज्याने बारावीनंतर गणिताचं तोंड बघितलेलं नाही, आर्ट्स केलं, आठ-दहा वर्षं नोकरी केली, त्याला तुम्ही थेट प्रश्नांशी झगड म्हणून सोडणार का? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे मला मान्य आहे, पूर्ण मान्य आहे. अशा माणसाला सुरुवातीला समजावून सांगणाराच लागतो, आणि नुसत्या प्रश्नांच्या ढिगापुढे बसवलं तर तो चार दिवसांत पुस्तक मिटून ठेवेल. अगदी नवख्याला सोडवलेली उदाहरणं बघून जास्त फायदा होतो हेही शिकण्याच्या अभ्यासकांनी दाखवलेलं आहे. इथे ऑनलाइन कोर्स खरोखर वरदान आहे, कारण वर्गात ‘अपूर्णांकांचा भागाकार विसरलोय’ असं तिशीतला माणूस हात वर करून सांगत नाही, घरी तो व्हिडिओ चार वेळा मागे घेऊन बघू शकतो आणि कोणी हसत नाही. पण हा टप्पा किती मोठा? अंकगणित आणि बीजगणित परत हाताला लागेपर्यंतचा. त्यानंतरही जर कोर्स त्याला आणखी व्हिडिओच देत राहिला तर कुबडी सोडायची वेळ कधी येणार? माझी तक्रार समजावण्याबद्दल नाहीये, समजावणं कधी थांबवायचं हे कोर्सला माहीत नसतं याबद्दल आहे. शिवाय हा टप्पा सगळ्यांसाठी सारखा धरला जातो. इंजिनिअरिंग केलेली मुलगी पण पहिल्या व्हिडिओपासून सुरुवात करते कारण प्रोग्रेस बार शून्यावर असतो आणि तो मधूनच सुरू केलेला आवडत नाही. माझ्या ओळखीतल्या एकीने कोर्सचा बार शंभर टक्क्यांवर नेला, वह्या भरून नोट्स काढल्या, रंगीत पेनांनी, आणि पहिली पूर्ण मॉक त्यानंतर दिली. तोवर परीक्षेची तारीख दोन आठवड्यांवर आली होती. डेटा इनसाइट्समध्ये तिचे शेवटचे पाच प्रश्न वाचूनच झाले नाहीत. मुलगी हुशार आहे, कष्टाळू तर आहेच, आणि तिला कोर्सने जे कर म्हणून सांगितलं ते तिने केलं. मला राग येतो तो याचा.

दुसरा मुद्दा शिस्तीचा. क्लासवाले म्हणतात की ऑनलाइन कोर्स घेणारे पूर्ण करतच नाहीत, आणि याला पुरावा भरपूर आहे. २०११ साली थ्रन आणि नॉर्विग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठातला आर्टिफिशियल इंटेलिजन्सचा कोर्स फुकट ऑनलाइन ठेवला तेव्हा दीड लाखाच्या वर लोकांनी नाव नोंदवलं, पूर्ण केला तो वीस हजारांच्या थोडा वर लोकांनी. नंतर आलेल्या मोठमोठ्या ऑनलाइन कोर्सेसमध्ये गळती याहून जास्तच राहिली. वर्गात शेजारी बसलेला पुढे जाताना दिसतो, ठरलेल्या वेळी जावं लागतं, दांडी मारली तर विचारणारं कोणी असतं, हे सगळं खरं आहे आणि ज्याला त्याशिवाय जमतच नाही त्याने क्लास लावावा, माझी काही हरकत नाही. पण या आकड्यातून ‘दुरून शिकता येत नाही’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी इतिहास जरा मागे जाऊन बघायला हवा. १८४०मध्ये इंग्लंडात पेनी पोस्ट सुरू झालं, म्हणजे एका पेनीत पत्र कुठेही जायला लागलं, आणि आयझॅक पिटमन यांनी पोस्टाने लघुलिपी शिकवायला घेतली. पोस्टाने ते काय पाठवत होते? नुसते धडे नाही. विद्यार्थी लघुलिपीत उतारा लिहून पाठवायचा, तो तपासून, चुका दुरुस्त होऊन परत यायचा. सगळी किमया त्या परतीच्या पत्रात होती. ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीचे पहिले विद्यार्थी १९७१मध्ये आले तेव्हा लोकांच्या डोळ्यात भरले ते बीबीसीवरचे तिचे कार्यक्रम, पण विद्यापीठ उभं राहिलं ते ट्यूटरने तपासून, शेरे लिहून परत पाठवलेल्या असाइनमेंट्सवर. दूरशिक्षण जिथे जिथे टिकलं तिथे परतीचं पत्र होतं. आपण आज व्हिडिओ कोर्स म्हणून जे घेतो त्यात कित्येकदा जाणारंच पत्र आहे, येणारं नाही. मग दोष इंटरनेटचा कसा?

आणि प्रत्यक्ष समोर बसवून शिकवणाऱ्यांचा इतिहास बघितला तरी हेच दिसतं. आपल्याकडे रँग्लर परांजपे हे नाव माहीत नसलेला मराठी वाचक विरळा, १८९९ साली ते केंब्रिजच्या मॅथेमॅटिकल ट्रायपॉसमध्ये, म्हणजे तिथल्या गणिताच्या पदवी परीक्षेत, संयुक्तपणे पहिले आले. त्या ट्रायपॉसभोवती एकोणिसाव्या शतकात खासगी कोचिंगचं मोठं प्रस्थ होतं. विद्यापीठाचे प्राध्यापक लेक्चर देत होतेच, तरी मुलं पदरचे पैसे घालून कोचकडे जायची. एडवर्ड राउथ हा त्यातला सगळ्यात नावाजलेला. १८५४च्या ट्रायपॉसमध्ये तो पहिला आला आणि दुसरा आला जेम्स क्लार्क मॅक्सवेल. पुढे राउथने दोन डझनांच्या वर सीनियर रँग्लर, म्हणजे ट्रायपॉसमध्ये पहिले आलेले विद्यार्थी, घडवले. त्याची पद्धत काय होती? छोटे गट, नेमानं दिलेले प्रश्न, घड्याळ लावून सोडवलेले पेपर, तपासलेली उत्तरं आणि सगळ्यांना दिसतील असे लावलेले मार्क. लेक्चर तर प्राध्यापकांकडेही मिळत होतं. पैसे मुलं मोजत होती ते तपासून मिळण्याचे. म्हणून आजचा क्लासवाला जेव्हा म्हणतो की ‘आमच्याकडे प्रत्यक्ष शिकवतात’ तेव्हा त्याला विचारायला हवं की शंभर जणांच्या बॅचमध्ये तुम्ही कोणाची वही कधी बघता? बघत नसाल तर तो मोठ्या पडद्यावरचा व्हिडिओच झाला, फक्त मागे घेता न येणारा.

तिसरा गट सेल्फ-स्टडीवाल्यांचा, ते म्हणतात कोर्स लागतच नाही. परीक्षा घेणाऱ्या संस्थेचेच जुने खरे प्रश्न मिळतात, अधिकृत सहा मॉक आहेत, त्यातल्या दोन फुकट, आणखी काय हवं? यांच्याशी माझं भांडण जवळजवळ नाहीच. अधिकृत प्रश्नांना तोड नाही, विशेषतः व्हर्बलमध्ये, कारण दोन पर्यायांतला बारीक फरक नकली प्रश्न बनवणाऱ्यांना साधता साधत नाही. ज्याला स्वतःच्या चुकांकडे तटस्थपणे बघता येतं त्याने खुशाल एकट्याने करावं. फक्त तसं बघता येणं ही सगळ्यात दुर्मीळ गोष्ट आहे. चुकलेल्या उत्तरापुढे आपण सगळेच ‘सिली मिस्टेक’ लिहून पुढे जातो. सिली मिस्टेक म्हणजे काय? प्रश्नात ‘पूर्णांक’ म्हटलेलं नव्हतं आणि तुम्ही धरलंत, ही एक जात झाली. घाईत वजाचं चिन्ह सुटलं, ही दुसरी. लेखकाचा निष्कर्ष आणि त्याचा आधार यांची अदलाबदल झाली, ही तिसरी. तीन मिनिटं एकाच प्रश्नात अडकून पुढचे चार घाईत चुकले, ही चौथी, आणि हिचं मूळ त्या चुकलेल्या चारांत सापडतच नाही, ते आधीच्या बरोबर आलेल्या प्रश्नात असतं! एरर लॉग म्हणतात तो हाच, अशा चुकांची जातवार नोंद, आणि तो नीट ठेवायला लावणं, त्यातून ‘तुझे व्हर्बलचे मार्क वाचनामुळे जात नाहीत, पहिल्या सात प्रश्नांवर तू दुप्पट वेळ घालवतेस म्हणून जातात’ हे काढून दाखवणं, इथे चांगला ऑनलाइन कोर्स माणसाच्या पुढे जाऊ शकतो. प्रत्येक प्रश्नावर तुम्ही किती सेकंद होतात, उत्तर कितीदा बदललंत, हे सगळं त्याच्याकडे नोंदलेलं असतं. वर्गातल्या शिक्षकाला, तो कितीही जीव तोडून शिकवत असला तरी, हे कसं दिसणार? इतकी माहिती हाताशी असताना बरेचसे कोर्स तिचा उपयोग एक रंगीत गोल काढून ‘क्वांट ६८ टक्के’ एवढं सांगण्यापुरता करतात, आणि खाली परत व्हिडिओची लिंक.

काही जण याच्याही मागे जातात आणि म्हणतात की असल्या परीक्षांना कोचिंगचा उपयोगच नसतो, क्षमता असते ती असते. हे बरीच वर्षं अधिकृतपणे सांगितलं गेलंय. अमेरिकेत स्टॅनली कॅप्लन यांनी १९३८मध्ये घरच्या तळघरात शिकवण्या सुरू केल्या आणि पुढे सॅट या तिथल्या कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेची तयारी करून घ्यायला लागले, तेव्हा परीक्षा घेणारे ठासून म्हणायचे की सॅटची तयारी करून घेताच येत नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने, हे प्रकरण तपासलं आणि कोचिंगने मार्क वाढतात असं दिसून आलं. मात्र नंतरच्या अभ्यासांत ही वाढ जाहिरातींत सांगतात त्या मानाने बरीच माफक निघाली. मला यातल्या दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. तयारीने फरक पडतो, म्हणून जो ती करू शकतो आणि जो करू शकत नाही यांच्यात अन्याय होतो, हे नाकारून चालणार नाही. पण म्हणूनच तर छोट्या, स्वस्त, कसून काम करून घेणाऱ्या कोर्सची गरज आहे ना? शेकडो तास फक्त त्यालाच परवडतात ज्याला नोकरी नाही, घरात आजारी माणूस नाही, मूल नाही. तास वाढवत नेणं म्हणजे कोर्सची फी तीच ठेवून खरी किंमत वाढवणं आहे, आणि ती किंमत ज्याच्याकडे वेळ कमी त्याच्याकडून सगळ्यात जास्त वसूल होते.

हल्ली यात आणखी एक भर पडलीये. चॅटबॉटला प्रश्न टाकला की तो पायरी-पायरीने समजावतो, नाही कळलं तर दुसऱ्या पद्धतीने, हवं तर आणखी सोपं करून. मग कोर्स कशाला, असं विचारणारे आहेत. मला वाटतं यामुळे माझा मुद्दा आणखीच पक्का होतो. समजावणं आता इतकं मुबलक झालंय की त्याचे पैसे मागणं अवघड व्हायला हवं. पण चॅटबॉटकडे प्रश्न कधी जातो? अडल्यावर लगेच. ज्या अडकण्यातून ओळखायची नजर तयार व्हायची असते ते अडकणंच तिसाव्या सेकंदाला संपवून टाकलं जातं. उत्तर मागायच्या आधी कागदावर आपला प्रयत्न पूर्ण लिहायचा आणि मग विचारायचं, की माझी नेमकी कुठली पायरी घसरली, असं करणाऱ्याला हे साधन सोन्यासारखं आहे. करतात किती जण?

मग कोर्सवाले असे कोर्स का बनवत नाहीत? कारण आपण तास विकत घेतो. ‘स्कोअर गॅरंटी’च्या, म्हणजे मार्क वाढतीलच या हमीच्या, अटी कधी वाचल्यात का? बहुतेकदा कोर्सचं सगळं मटेरियल पूर्ण केलेलं असण्याची अट त्यात असते, म्हणजे ज्याला त्यातला अर्धा भाग लागत नाही त्यानेही तो बघायचा, नाहीतर गॅरंटी गेली. परीक्षेतून भूमिती गेली तरी जिथे भूमितीचे व्हिडिओ ‘पाया म्हणून’ लावून ठेवलेत तिथे ते कोणाच्या सोयीसाठी ठेवलेत? काढले तर एकूण तास कमी दिसतील. यावर कोर्सवाल्यांचं उत्तर मला माहितीये आणि ते अगदीच खोटं नाही, की छोटा आणि अवघड कोर्स विकला जात नाही, पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्याला नापास करणाऱ्या कोर्सचे रिव्ह्यू वाईट येतात आणि लोक पैसे परत मागतात. हार्वर्डच्या त्या प्रयोगातही मुलांना जास्त शिकवणारा तास कमी आवडलाच होता. पण त्याच प्रयोग करणाऱ्यांनी हेही सुचवलंय की मुलांना सुरुवातीलाच सांगावं, की ही धडपड म्हणजेच शिकणं आहे, आत्ता वाईट वाटेल, फायदा पुढे दिसेल. हे सांगायला कोणत्या कोर्सला किती खर्च येतो? पहिल्या दिवशी एक मॉक द्यायला लावा, वाईट मार्क पडू द्यात, आणि सांगा की हे असंच पडतात, आता बघू कुठे गेले. तेवढा धीर मुलांमध्ये असतो. नोकरी करून, सुट्टीच्या दिवशी सकाळी उठून अभ्यासाला बसणाऱ्या माणसाला तुम्ही इतकं नाजूक का समजता?

आणि घेणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की फ्री ट्रायल मिळते तेव्हा डेमो व्हिडिओ बघत बसू नका, शिकवणारे सगळेच चांगलं बोलतात. पंचवीसेक मिसळलेले प्रश्न घड्याळ लावून सोडवा, त्यातले काही चुकतीलच. मग बघा कोर्स त्यांचं काय करतो ते. नुसता उत्तराचा व्हिडिओ लावतो, की तुम्ही कुठला पर्याय निवडलात त्यावरून तुमचा विचार कुठे घसरला असेल ते सांगतो? लसाविवरचा चुकलेला प्रश्न चार-पाच दिवसांनी, शीर्षक न लावता, खुर्च्या नाहीतर बसच्या वेळापत्रकाच्या रूपात आपणहून परत येतो का? तुमचा वेळ कुठल्या प्रश्नांवर गेला हे दाखवतो का? व्हिडिओ वगळून थेट पुढे जाऊ देतो का? ट्रायल संपायच्या आत यातलं काहीच झालं नाही तर तो कोर्स किती तासांचा आहे, हे विचारायची गरजच पडणार नाही.